फ्रेंच हॉर्नचा पहिला रियाज

पाश्चात्य वाद्यवृंदांत फ्रेंच हॉर्न हें वाद्य वाजवावयास फार अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा स्वर ऐकणारास मात्र या अवघडपणाची कल्पना येत नाहीं. दूरच्या रानांतून कोणीं साद घालावी तसा तो स्वर गंभीर आणि मृदु असतो. कधीं तो तंतुवाद्यांच्या मागें संथपणें पसरलेला असतो, तर कधीं एकटाच पुढें येऊन सर्व सभेचें लक्ष वेधून घेतो. असा स्वर ऐकून एखादा मुलगा किंवा मुलगी हेंच वाद्य शिकण्याचा हट्ट धरते. घरांत वाद्य येतें. आणि पुष्कळदां चार-सहा महिन्यांतच तें पेटींत बंद होऊन पडतें. याचें कारण शिकणाराच्या अंगीं गुण नव्हते हें क्वचितच असतें. वाद्याचा स्वभाव ओळखल्यावांचून रियाज केला, म्हणजे श्रम वाढतात आणि फळ दिसत नाहीं. तेव्हां रियाज कसा करावा हें पाहण्यापूर्वीं वाद्याचा स्वभाव काय आहे तें पाहणें अवश्य आहे.

‘फ्रेंच’ हें विशेषण इंग्रजांनीं लाविलेलें आहे. सतराव्या शतकांतील फ्रान्समधील शिकारीच्या शिंगाशीं त्याचा संबंध जोडतात. खुद्द फ्रेंच लोक या वाद्यास ‘कॉर’ म्हणतात; जर्मन लोक ‘वाल्डहॉर्न’ म्हणजे रानशिंग म्हणतात; आणि हॉर्नवादकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९७१ सालीं केवळ ‘हॉर्न’ हेंच नांव वापरावें अशी शिफारस केली. आपल्याकडील शंख, शिंग आणि तुतारी यांचा हा जवळचा आप्त होय. सनईंत पत्ती कंप पावते. शंखांत आणि शिंगांत फुंकणाराचे ओंठच कंप पावतात. हॉर्नमध्येंहि स्वराची उत्पत्ति ओंठांपाशीं होते, आणि पितळेची नळी त्या कंपनाला आकार व बळ देते.

ही नळी किती लांब असावी? एफ् पट्टीच्या हॉर्नची सर्व वेटोळीं उलगडलीं तर ती सुमारें १२ फूट भरते. नेहमींच्या ट्रंपेटची नळी सुमारें साडेचार फुटांचीच असते. या लांबींतच हॉर्नच्या अवघडपणाचें मूळ आहे. कोणत्याहि नळींतून, केवळ ओंठांचा ताण आणि हवेचा वेग कमी-अधिक करून, कांहीं ठराविकच स्वर निघतात. आपले संगीतज्ञ त्यांना स्वयंभू स्वर म्हणतात. नळीचा सर्वांत खालचा स्वर सा धरला, तर पहिल्या सप्तकांत त्या सा नंतर वरचा साच येतो, मध्यें कांहीं नाहीं. दुसऱ्या सप्तकांत मधोमध एकटा पंचम असतो. तिसऱ्यांत सा, ग, प आणि किंचित् उतरलेला कोमल नि असे चार स्वर मिळतात. चौथ्यांत आठ स्वर एकाला एक लागून उभे असतात. ट्रंपेटचें बहुतेक गाणें खालच्या, ऐसपैस भागांत चालतें. हॉर्नचें गाणें तिसऱ्या आणि चौथ्या सप्तकांत, म्हणजे स्वरांच्या दाट वस्तींत चालतें. चाळींतल्या एकसारख्या खोल्यांपैकीं नेमक्या आपल्याच खोलीचें दार अंधारांत उघडावें, तसें हॉर्नवादकाला नेमका आपलाच स्वर उघडावा लागतो. हात किंचित् चुकला कीं शेजारचें दार उघडतें, आणि तें सर्वांना ऐकूं येतें.

येथें कोणी विचारील कीं, मग झडपा कशासाठीं आहेत? झडपांची युक्ति १८१४ च्या सुमारास जर्मनींत हाइनरिख श्टोल्त्सेल यानें काढली, आणि १८१८ सालीं त्यानें व फ्रीडरिख ब्लूमेल यानें तिचें पेटंट घेतलें. पहिली झडप दाबली असतां स्वर एका पूर्ण स्वरानें उतरतो, दुसरीनें अर्ध्या स्वरानें आणि तिसरीनें दीड स्वरानें. झडपेचें काम नळीची लांबी बदलण्याचें आहे. त्या लांबीवरील स्वयंभू स्वरांपैकीं कोणता लागावयाचा हें झडप ठरवूं शकत नाहीं. तें ओंठांनींच ठरवावें लागतें. बाजाच्या पेटीवर पट्टी दाबली कीं स्वर हुकमी येतो. हॉर्नवर एकच बोट दाबून पांच-सहा निरनिराळे स्वर येऊं शकतात, आणि ज्याला कोणता स्वर हवा हें आधींच ठाऊक नाहीं त्याला त्यांपैकीं कोणताहि मिळतो.

यावरून रियाजाचा पहिला नियम आपोआप निघतो. स्वर आधीं मनांत ऐकावा, मग गळ्यांतून म्हणावा, आणि त्यानंतरच फुंकावा. नवशिका बहुधा याच्या उलट करतो. तो फुंकतो, जो स्वर येईल तो ऐकतो, आणि चुकला असेल तर ओंठ आवळून अगर ढिले सोडून तेथल्या तेथें सांवरून घेतो. अशानें ओंठांना चुकीच्या जागेवरून बरोबर जागेवर घसरण्याची संवय लागते, आणि पुढें ती मोडण्यास शिकण्यापेक्षां अधिक काळ लागतो. स्वर चुकला तर थांबावें. तो वरचा लागला कीं खालचा, हें स्वतःला विचारावें. वरचा लागला असेल तर ओंठ फाजील आवळले गेले असतील. खालचा लागला असेल तर हवा कमी पडली असेल. मग हवा तो स्वर पुन्हां म्हणून पाहावा, नवा श्वास घ्यावा आणि नव्यानें प्रारंभ करावा.

यासाठीं घरांतील बाजाची पेटी किंवा तंबोरा फार उपयोगी पडतो. हॉर्नच्या लिपींत जो स्वर ‘सी’ म्हणून लिहिलेला असतो, तो प्रत्यक्षांत त्याच्या खालच्या ‘एफ्’चा आवाज देतो. पेटीच्या भाषेंत बोलावयाचें तर झडपा न दाबतां वाजणाऱ्या एफ् हॉर्नचा षड्ज पांढरी चार हा होय. त्या पट्टींत तंबोरा लावून, किंवा तसा स्वर देणारें यंत्र जवळ ठेवून, रियाजास बसावें. गायक ज्याप्रमाणें पहांटे खर्ज लावून बसतो, त्याप्रमाणें हॉर्न शिकणारानें प्रथम हा एक षड्ज आणि त्याचा पंचम इतकेच आपलेसे करावे.

दुसरी गोष्ट श्वासाची. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर ताठ पण सैल बसावें, दोन्ही पावलें जमिनीवर टेकलेलीं असावीं. श्वास तोंडानें, खोल आणि आवाज न करतां घ्यावा. बरगड्या आणि पोट फुगावें, खांदे वर जाऊं नयेत. श्वास पुरा भरला कीं तो कोंडून न धरतां लगेच सोडावा. हवा कोंडली कीं गळा आवळतो, आणि आवळलेल्या गळ्यांतून निघालेला स्वर दचकल्यासारखा येतो. वाद्य हातीं घेण्यापूर्वीं चार मात्रांत श्वास घेऊन आठ मात्रांत सारख्या वेगानें सोडावा. भिंतीवर कागदाचा लहान तुकडा धरून, हात काढून घेऊन, केवळ फुंकेच्या जोरावर तो तेथेंच टिकवून धरणें हाहि एक चांगला व्यायाम आहे. फुंक मध्येंच लुळी पडली कीं कागद खालीं पडतो. त्यामुळें शिकविणारा जवळ नसला तरी चूक आपली आपल्याला कळते.

तिसरी गोष्ट ओंठांची. ‘म’ म्हणतांना ओंठ जसे सहज मिटतात तसे ते असावे. तोंडाचे कोपरे घट्ट, हनुवटी सपाट, गाल न फुगलेले, आणि मधला भाग मात्र कंप पावण्यास मोकळा असावा. माउथपीस ठेवतांना त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग वरच्या ओंठावर आणि एक-तृतीयांश खालच्या ओंठावर यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख हॉर्नवादक म्हणून काम केलेले फिलिप फार्कस (१९१४–१९९२) यांचा १९५६ सालीं प्रसिद्ध झालेला हॉर्नवादनावरील ग्रंथ जगभर वापरला जातो. पुढें १९७० सालीं त्यांनीं चाळीस नामवंत हॉर्नवादकांच्या ओंठांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. अशीं छायाचित्रें पाहतांना ध्यानांत येतें कीं, दांतांची आणि ओंठांची ठेवण माणसागणिक वेगळी असल्यामुळें थोडाफार फरक स्वाभाविकच आहे. म्हणून नियम पाळावा, पण रोज आरशांत पाहून आणि शिक्षकाला दाखवून तो आपल्या मुखाला जुळवून घ्यावा.

चौथी गोष्ट हातांची. झडपा डाव्या हातानें दाबावयाच्या असतात, आणि उजवा हात कर्ण्याच्या तोंडांत राहतो. हें उलटें कां, याला इतिहास आहे. झडपा नव्हत्या तेव्हां, अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, ड्रेस्डेन येथील आंटोन योझेफ हांपेल या वादकानें कर्ण्यांत हात कमी-अधिक सरकवून मधले स्वर काढण्याची पद्धति बसविली. मोझार्टनें आपला मित्र योझेफ लॉइटगेब याच्यासाठीं हॉर्नच्या ज्या रचना केल्या त्या अशाच हातानें वाजविल्या जात. ब्राम्सनें १८६५ सालीं हॉर्न, व्हायोलिन आणि पियानो यांसाठीं रचलेली कृतिहि, झडपांचा हॉर्न प्रचारांत आलेला असतांना, बिनझडपांच्या हॉर्नसाठींच योजिली. उजवा हात आपल्या कामांत गुंतलेला असल्यामुळें झडपा आल्या त्या डाव्या हाताच्या वांट्यास आल्या. नवशिक्यानें उजव्या हाताचा पसा करावा, पाणी घेतांना करतों तसा. बोटें जुळलेलीं, अंगठा तर्जनीला टेकलेला. बोटांची पाठ कर्ण्याच्या आंतील, अंगापासून दूरच्या बाजूस लागावी आणि वाट मोकळी राहावी. हात फार आंत गेला तर स्वर उतरतो आणि घुमट होतो; मुळींच घातला नाहीं तर स्वर चढतो आणि उघडा-बोडका लागतो.

आतां प्रत्यक्ष रियाजाची वेळ. पहिल्या तीन महिन्यांत एका तासाच्या एका बैठकीपेक्षां २० मिनिटांच्या दोन बैठकी हितकर होत, आणि आठवड्यांतून दोन दिवस पुष्कळ वाजविण्यापेक्षां रोज थोडें वाजविणें हितकर होय. ओंठ हे स्नायूच आहेत. ते विश्रांतींत बळावतात. वीस मिनिटांची वांटणी पुढीलप्रमाणें करतां येईल. पहिलीं २ मिनिटें श्वास आणि नुसता माउथपीस. त्यानंतर ६ मिनिटें दीर्घ स्वर. मिनिटाला ६० ठोके या लयींत एक स्वर आठ मात्रा धरावा आणि आठ मात्रा ओंठ पूर्ण सैल सोडावे. पंचमापासून आरंभ करून हळूहळू षड्जाकडे उतरावें. स्वराचा आरंभ स्वच्छ झाला काय, मध्यें तो हलला काय, आणि शेवट तुटला कीं विरला, या तीनच गोष्टी ऐकाव्या. प्रारंभीं स्वर मध्यम आवाजाचा असावा. कांहीं आठवड्यांनीं तो हळू आरंभून फुलवावा आणि पुन्हां मिटवावा.

पुढचीं ४ मिनिटें झडपांना हात न लावतां आणि जिभेचा उपयोग न करतां, केवळ ओंठांनीं आणि हवेनें सा वरून ग वर, ग वरून प वर, प वरून वरच्या सा वर जावें आणि तसेंच परत यावें. मध्यें फट पडूं नये. दाट वस्तींतलीं दारें ओळखण्याचें खरें शिक्षण हेंच, आणि कंटाळवाणें वाटतें म्हणून नवशिके नेमकें हेंच टाळतात. त्यानंतरचीं ६ मिनिटें एखाद्या ओळखीच्या चालीला द्यावीं. घरांतल्या सर्वांना पाठ असलेली एखादी साधी आरती किंवा अंगाई पांच-सहा स्वरांत बसत असेल तर फार उत्तम. कारण तिचा पुढचा स्वर कोणता हें कानाला आधींच ठाऊक असतें. येथें प्रत्येक स्वराचा आरंभ जिभेचें टोंक वरच्या दांतांच्या मुळाशीं हलकें टेकवून, ‘तू’ म्हटल्याप्रमाणें करावा. शेवटचीं २ मिनिटें खालचे स्वर अगदीं हळू वाजवून ओंठ निवूं द्यावे.

या सर्वांत एक धोका असा आहे कीं ज्यामुळें चांगलीं चांगलीं मुलें हें वाद्य सोडून देतात. तो धोका उंच स्वरांच्या घाईचा. उंच स्वर येत नाहीं म्हणून नवशिका डाव्या हातानें वाद्य तोंडाकडे ओढतो आणि माउथपीस ओंठांत रुततो. स्वर त्या क्षणीं येतो, म्हणून ही युक्ति साधली असें वाटतें. परंतु दाबलेल्या ओंठांतील रक्ताचा ओघ रोखला जातो, ते सुजतात, लवकर थकतात, आणि थकलेल्या ओंठांना तोच स्वर काढण्यास आणखी दाब लागतो. असें चक्र महिना-दोन महिने चाललें म्हणजे आधीं सहज येणारे मधले स्वरहि बिघडतात. पहिल्या सहा महिन्यांत लेखी मधल्या सी पासून वरच्या सी पर्यंतचें एक सप्तक पुरें आहे. तोंडाच्या कोपऱ्यांतून हवा निसटूं लागली, आवाजांत फुसफूस आली, ओंठांवर खोल वळ उठला, तर त्या दिवसाचा रियाज संपला असें समजावें. दुखत असतांना वाजविणें म्हणजे चिकाटी नव्हे. एका दिवसाच्या विश्रांतीनें कांहींच बुडत नाहीं. दुखावलेल्या ओंठांना मात्र पुष्कळ दिवस द्यावे लागतात.

वाद्याच्या निवडीविषयीं थोडें. हॉर्न एफ् पट्टीचा, बी फ्लॅट पट्टीचा, किंवा दोन्ही एकत्र असलेला दुहेरी असा मिळतो. दुहेरी हॉर्न एअरफुर्ट येथील फ्रिट्झ क्रुस्पे यानें १८९७ च्या सुमारास तयार केला. त्यांत अंगठ्याची झडप दाबतांच १२ फुटांच्या नळीऐवजीं सुमारें ९ फुटांची नळी लागते, षड्ज काळी पांचवर जातो, आणि वरचे स्वर एकमेकांपासून थोडे दूर झाल्यामुळें पकडण्यास सोपे होतात. परंतु दुहेरी हॉर्न जड असतो. लहान वयाच्या मुलाला एकेरी किंवा लहान आकाराचा हॉर्नच झेपतो. ज्याच्याजवळ दुहेरी आहे त्यानेंहि दीर्घ स्वर एफ् बाजूवरच घ्यावे, कारण कान आणि आवाजाचा गोडवा तेथें घडतो.

शहरांतील घरांत शेजाऱ्यांचाहि विचार करावा लागतो. कर्ण्यांत बसवावयाचा रियाजी म्यूट मिळतो, त्यानें आवाज पुष्कळ कमी होतो. तथापि त्यामुळें फुंकेला होणारा अडथळा बदलतो आणि स्वराचा खरा पोत ऐकूं येत नाहीं. म्हणून निदान एक बैठक तरी मोकळ्या वाद्यावर, सोयीची वेळ ठरवून करावी. कर्ण्याचें तोंड मागें असतें, तेव्हां पाठीमागें भिंत अगदीं लागून नसावी. वाजविण्यापूर्वीं तोंड धुवावें, म्हणजे साखरेचा अंश नळींत जात नाहीं. नळींत सांचणारें पाणी बहुतांशीं श्वासांतील वाफेचें असतें. सरकत्या नळ्या काढून तें वरचेवर ओतून टाकावें, आणि झडपेची नळी काढतांना ती झडप दाबून धरावी. अडकलेली नळी जोर करून ओढूं नये. ती कारागिराकडेच द्यावी.

१९३५ सालीं मेहली मेहता यांनीं मुंबईंत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, आणि २००६ सालीं नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रांत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया निघाला. तेव्हां हा स्वर प्रत्यक्ष सभागृहांत ऐकण्याची संधि मुंबईकरांना मिळूं शकते. शिकणारानें ती दवडूं नये. ध्वनिमुद्रणांपैकीं डेनिस ब्रेन (१९२१–१९५७) या इंग्रज वादकाचीं मोझार्टच्या हॉर्न काँचेर्तोंचीं १९५३ सालचीं मुद्रणें अवश्य ऐकावीं. कानांत चांगला स्वर भरलेला असला, तर ओंठांना कोठें पोंचावयाचें हें कळतें.

घरांतील वडील माणसांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस मुलाला पांच-सहा स्वर खात्रीनें लागूं लागले आणि एक साधी चाल न अडखळतां आली, तर प्रगति चांगली झाली. या वाद्यांत कसलेल्या वादकांच्याहि हातून भर सभेंत स्वर घसरतात. तेव्हां मुलाच्या घसरलेल्या स्वराला हंसूं नये. हंसण्याच्या भीतीनें तो ओंठ आवळतो, आणि आवळलेल्या ओंठांनीं पुढचाहि स्वर घसरतो. त्याऐवजीं पेटीवर पांढरी चार धरून त्याला तो स्वर एकदां म्हणावयास सांगावें, आणि मग शांतपणें पुन्हां फुंकूं द्यावें.